कूपर आडनावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूपर या इंग्रजी आडनावाबद्दल वाचकांकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल अशा रीतीने लिहिले आहे आणि एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असेल तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कूपर या आडनावाचा अर्थ काय?

लाकडी फळ्या गोलाकार उभ्या करून आणि त्यांना कड्यांनी आवळून पिंपे, बादल्या, टब अशी भांडी बनवणारा कारागीर म्हणजे कूपर. आपल्याकडे सुतार, लोहार, कासार, कुंभार ही आडनावे जशी कामावरून पडली, त्याच जातीचे हे आडनाव आहे. इंग्लंडमधील आडनावांचे सर्वसाधारणपणे चार गट मानतात: गावावरून किंवा जमिनीच्या खुणेवरून आलेली, वडिलांच्या नावावरून आलेली, टोपणनावावरून आलेली आणि व्यवसायावरून आलेली. स्मिथ, टेलर, बेकर, राइट, कार्टर यांच्याप्रमाणे कूपर हे चौथ्या गटातले ठळक नाव आहे. मात्र अर्थ इतका सरळ असला, तरी आज हे आडनाव लावणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वज पिंपे बनवत असेल असे मुळीच नाही. त्याची कारणे प्रश्न ६, ७, १२ आणि १५ यांच्या उत्तरांत येतील.

२. हा शब्द मूळचा इंग्रजीच आहे का?

नाही. टब किंवा पिंप या अर्थाचा 'कूपे' असा शब्द जुन्या डच आणि उत्तर जर्मन बोलींत होता. ते बनवणाऱ्याला तेथे 'कूपर' म्हणत आणि उत्तर समुद्रापलीकडच्या व्यापारी संबंधांतून हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत उतरला. त्याच्याही मागे लॅटिन 'कूपा' आहे. मद्याच्या मोठ्या लाकडी भांड्याला रोमन लोक हा शब्द वापरत. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'ल कूपेर' अशा रूपातील नोंदी आढळतात. त्यातले 'ल' हे नॉर्मन फ्रेंच उपपद आहे, कारण नोंदी ठेवणारे कारकून फ्रेंच आणि लॅटिनमध्ये लिहीत असत. पुढे ते उपपद गळाले आणि नुसते कूपर उरले.

३. पिंप बनवणाऱ्याचे आडनाव इतके सर्वत्र कसे पसरले? एवढी पिंपे लागत तरी कशाला?

हा प्रश्न फार वेळा येतो. त्याचे उत्तर नीट समजले तर हे आडनाव इंग्लंडमधील सर्वाधिक आढळणाऱ्या पन्नास आडनावांत का आहे, याचेही नवल वाटत नाही.

पत्र्याचे डबे, काचेच्या स्वस्त बाटल्या, प्लास्टिक आणि पुठ्ठ्याची खोकी येण्यापूर्वी युरोपात माल साठवण्याचे आणि हलवण्याचे मुख्य साधन पिंप हेच होते. बिअर, मद्य आणि पाणी तर त्यात असेच. शिवाय खारवलेले हेरिंग मासे आणि मांस, लोणी, पीठ, साबण, डांबर, खिळे, एवढेच काय, बंदुकीची दारूदेखील पिंपातून जात असे. त्याचा आकारच मोठ्या युक्तीचा आहे. मध्ये फुगीर असल्यामुळे भरलेले जड पिंप आडवे करून एकटा माणूस ढकलत नेऊ शकतो, आणि जमिनीला त्याचा अगदी थोडा भाग टेकत असल्याने ते हवे तिकडे वळवताही येते. बिअरच्या पिंपांची मापे ठरलेली असत: फर्किन ९ गॅलनचे, किल्डरकिन १८ गॅलनचे, बॅरल ३६ गॅलनचे आणि हॉग्सहेड ५४ गॅलनचे.

काम मात्र सोपे नव्हते. ओक लाकडाचे ओंडके तंतूंच्या दिशेने फोडून फळ्या काढायच्या, त्या काही काळ वाळू द्यायच्या, मग प्रत्येक फळी मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती तासायची आणि तिच्या कडांना असा नेमका तिरकस उतार द्यायचा की सगळ्या फळ्या एकत्र उभ्या केल्यावर वर्तुळ पूर्ण व्हावे. त्या एका कडीत उभ्या करून आत जाळ करायचा, लाकूड ओले ठेवत मऊ करायचे, वाकवायचे आणि वरून कड्या ठोकून बसवायच्या. शेवटी आतल्या बाजूने खाच पाडून झाकण बसवायचे. यात खिळा नाही, गोंद नाही. आतले द्रव ठिबकू नये ही सारी जबाबदारी कारागिराच्या नजरेवर आणि हातावर असे. ही विद्या वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून येत असे आणि उमेदवारी पूर्ण झालेल्या तरुणाला स्वतः बनवलेल्या पिंपात बसवून, अंगावर नाना घाणेरडे पदार्थ ओतून ते पिंप कारखान्याच्या जमिनीवर गडगडत नेण्याची रीत इंग्लंडमध्ये विसाव्या शतकापर्यंत टिकून होती.

या व्यवसायात पोटभेदही होते. द्रव पदार्थांची घट्ट पिंपे करणारा वरच्या दर्जाचा मानला जाई. पीठ, खिळे अशा कोरड्या मालाची पिंपे करणारा निराळा, आणि बादल्या व लोणी घुसळण्याची भांडी करणारा त्याहून निराळा. आडनावाने मात्र हे सगळे कूपरच.

४. हे आडनाव वंशपरंपरेने चालू केव्हा लागले?

१०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये स्थिर आडनावांची पद्धत नव्हती. ती आधी जमीनदार घराण्यांत रुजली, मग हळूहळू खाली झिरपली आणि इसवी सन १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना वंशपरंपरागत आडनाव मिळालेले होते. बाराव्या किंवा तेराव्या शतकातील नोंदीत एखाद्याच्या नावापुढे 'ल कूपेर' असेल, तर तो खरोखर पिंपे बनवत होता असे समजायला हरकत नाही. पंधराव्या शतकापासून मात्र तसे गृहीत धरता येत नाही.

याचे फार बोलके उदाहरण १६२० साली अमेरिकेला गेलेल्या 'मेफ्लॉवर' जहाजावर सापडते. जहाजावरच्या पिंपांची देखभाल करण्यासाठी साउदॅम्प्टन येथे ज्या कारागिराला नोकरीवर घेतले, त्याचे नाव जॉन ऑल्डन होते. कूपर आडनावाची एकच व्यक्ती त्या जहाजावर होती, ती म्हणजे नातेवाइकांबरोबर निघालेली ह्युमिलिटी कूपर ही तान्ही मुलगी.

५. सगळे कूपर एकाच घराण्यातले असतात का? कूपर घराण्याचे मानचिन्ह कोणते?

एकाच घराण्यातले नसतात. प्रत्येक बाजारगावात, बंदरात आणि मोठ्या जहागिरीवर पिंपे बनवणारा असे. त्यामुळे हे आडनाव एकाच वेळी शेकडो ठिकाणी, परस्परांशी काहीही संबंध नसताना, निर्माण झाले. महाराष्ट्रातील दोन कुलकर्णी जसे आडनावामुळे भाऊबंद ठरत नाहीत, तसेच दोन कूपरही ठरत नाहीत.

मानचिन्हाबाबतचा गैरसमज तर विकला जातो. इंग्लंडच्या कायद्यानुसार मानचिन्ह आडनावाला नसते. ते विशिष्ट व्यक्तीला बहाल होते आणि तिच्या थेट वारसांकडे जाते. म्हणून 'कूपर घराण्याचे मानचिन्ह' असे छापलेले पेले आणि चौकटी हे केवळ दुकानदारीचे प्रकार आहेत.

६. कूपर हे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने का लिहितात? 'काउपर' हे वेगळे आडनाव आहे का?

छपाई आणि शालेय शिक्षण सार्वत्रिक होण्याआधी आडनाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहिले जात असे. त्यातून तीन मुख्य रूपे टिकली: दोन 'ओ' असलेले नेहमीचे रूप, 'ओ-यू' असलेले रूप आणि 'ओ-डब्ल्यू' असलेले रूप. यातले तिसरे पाहून आपण 'काउपर' असे वाचतो. वैद्यकीय महाविद्यालयांत तर 'काउपर ग्रंथी' असाच उच्चार रुळला आहे. परंतु इंग्लंडमधील या नावाच्या नामवंत घराण्याचा परंपरागत उच्चार 'कूपर' असाच आहे.

ओ-डब्ल्यू रूपातले नामवंत पुष्कळ आहेत. वर उल्लेखिलेल्या ग्रंथी ज्याच्या नावाने ओळखल्या जातात तो शरीरशास्त्रज्ञ विल्यम (१६६६–१७०९), १७०७ मध्ये ग्रेट ब्रिटनचा पहिला लॉर्ड चॅन्सेलर (न्यायव्यवस्थेचा प्रमुख मंत्री) झालेला विल्यम, आणि धर्मोपदेशक जॉन न्यूटनबरोबर भक्तिगीते रचणारा, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिणारा कवी विल्यम (१७३१–१८००). तिघांचीही नावे विल्यमच असल्यामुळे संदर्भग्रंथांतही त्यांची सरमिसळ होते, म्हणून जन्म-मृत्यूची वर्षे पाहूनच निष्कर्ष काढावा. पोलादाच्या कारखान्यांत झोतभट्टीला गरम हवा पुरवणाऱ्या स्टोव्हचा जनक एडवर्ड आल्फ्रेड (१८१९–१८९३) हाही याच रूपाचे आडनाव लावत असे.

ओ-यू हे रूप स्कॉटलंडमध्ये जास्त आढळते आणि तेथे आणखी एक गुंता आहे. फाइफ परगण्यात क्यूपर नावाचे गाव आहे. त्यामुळे स्कॉटलंडमधील काही घराण्यांचे आडनाव पिंपावरून नव्हे, तर गावावरून आलेले आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या रूपातील एक नाव ठाऊक असायला हवे: कर्कंटिलॉक येथे जन्मलेला आर्चिबाल्ड स्कॉट कूपर (१८३१–१८९२). कार्बनचा अणू चार बंध जुळवतो आणि कार्बनचे अणू एकमेकांशी साखळीने जोडले जातात, ही कल्पना त्याने १८५८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले याच्यापासून स्वतंत्रपणे मांडली आणि अणूंमधील बंध रेषेने दाखवले. श्रेय मात्र बहुतांशी केकुलेच्या पदरात पडले.

७. हूपर, हॉपर, कायपर ही आडनावे कूपरचीच रूपे आहेत का?

हूपर म्हणजे पिंपाच्या कड्या बनवणारा किंवा बसवणारा. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार कार्ल हूपर याचे आडनाव म्हणजे कूपरचा सख्खा शेजारी म्हणता येईल, पण रूप नव्हे. हॉपरचा पिंपाशी काही संबंध नाही. ते उड्या मारणाऱ्या किंवा नाचणाऱ्या माणसाच्या टोपणनावावरून आले आहे.

कायपर हे मात्र कूपरचे डच भावंड आहे, कारण दोन्हींचे मूळ एकच (प्रश्न २ पाहा). नेपच्यूनच्या पलीकडील 'कायपर पट्टा' ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जेरार्ड कायपर हा हॉलंडमध्ये जन्मलेला खगोलशास्त्रज्ञ होता. अन्य भाषांत हाच व्यवसाय अगदी निराळ्या शब्दांनी आडनावात उतरला: जर्मनमध्ये बोट्शर आणि फासबिंडर, फ्रेंचमध्ये तोनेलिए, चेकमध्ये बेदनार्श, हंगेरियनमध्ये कादार, युक्रेनियनमध्ये बोंदार आणि त्यावरून बोंदारेंको व बोंदारचुक. अशा कुटुंबांपैकी काहींनी, तसेच कुपर, कुपरमन अशी मिळतीजुळती नावे असलेल्या अनेक ज्यू कुटुंबांनी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर 'कूपर' हे रूप स्वीकारले.

८. लंडनमध्ये कूपर लोकांची संस्था आहे असे ऐकले. ती आडनावाची आहे की व्यवसायाची?

व्यवसायाची. लंडनमधील पिंपे बनवणाऱ्यांच्या श्रेणीला, म्हणजे तेथे 'कंपनी' म्हणतात त्या कारागीर-संघाला, सातव्या हेन्रीने १५०१ मध्ये सनद दिली. पिंपांची मापे तपासणे, उमेदवारांची नोंद ठेवणे आणि दर्जा राखणे हे तिचे काम होते. ही कंपनी आजही आहे, मात्र तिचे काम आता मुख्यतः धर्मादाय आणि शैक्षणिक स्वरूपाचे आहे. १५३६ मध्ये स्थापन झालेल्या एका शाळेचा कारभार तिच्याकडे आला आणि ती शाळा आज अपमिन्स्टर येथे कंपनीचे नाव लावून चालते. सदस्य होण्यासाठी कूपर आडनाव असावे लागत नाही.

९. अँथनी ॲश्ली कूपर नावाचे नेमके किती जण होते? पुस्तकांत हे नाव वेगवेगळ्या शतकांत येते.

शाफ्ट्सबरीच्या अर्ल घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव ठेवत आल्याने हा घोटाळा होतो. वाचनात सहसा तिघे भेटतात.

पहिला अर्ल (१६२१–१६८३) डॉर्सेटमधला. वडील सर जॉन कूपर, आई सर अँथनी ॲश्ली यांची मुलगी, म्हणून आजोबांचे नाव आणि आडनाव नातवाला मिळाले. यादवी युद्धात तो आधी राजाच्या बाजूने होता, मग पार्लमेंटच्या बाजूला गेला आणि पुढे दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत १६७२ मध्ये इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. नंतर त्याच राजाचा कट्टर विरोधक बनून त्याने व्हिग पक्षाची उभारणी केली. बेकायदा कैदेपासून संरक्षण देणारा १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा मंजूर होण्यात त्याचा मोठा वाटा होता. तत्त्वज्ञ जॉन लॉक हा त्याच्याच घरी वैद्य आणि सल्लागार म्हणून राहत असे, आणि त्याच्या देखरेखीखाली अर्लच्या यकृतावरील गळवावर शस्त्रक्रिया झाली, ती त्या काळच्या मानाने आश्चर्यकारक रीतीने यशस्वी ठरली. अखेरीस अर्ल परागंदा होऊन ॲमस्टरडॅममध्ये मरण पावला.

तिसरा अर्ल (१६७१–१७१३) नीतिशास्त्र आणि सौंदर्यविचार यांवर लिहिणारा तत्त्वज्ञ होता. लहानपणी त्याच्या शिक्षणावर लॉकचीच देखरेख होती.

सातवा अर्ल (१८०१–१८८५) समाजसुधारक होता. गिरण्यांतील मुलांचे कामाचे तास कमी व्हावेत यासाठी तो वर्षानुवर्षे झगडला आणि स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या खाणकामातून मुक्त करणारा १८४२ चा कायदा त्याच्याच प्रयत्नांचे फळ होते. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधील पंखवाला धनुर्धारी पुतळा, ज्याला सगळे 'इरॉस' म्हणतात, तो १८९३ मध्ये उभारलेल्या याच अर्लच्या स्मारकाचा भाग आहे. तेथे छायाचित्र काढणाऱ्या पर्यटकांना त्याचा पत्ताही नसतो.

१०. 'कूपर्स लिगामेंट', 'कूपर पेअर' आणि 'कूपर टेस्ट' ही एकाच शास्त्रज्ञाच्या नावाची आहेत का?

तिन्ही वेगवेगळ्या कूपरांची आहेत आणि त्यांच्या काळात दीडशे वर्षांचे अंतर आहे.

लिगामेंट, म्हणजे शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या तंतूंच्या पट्ट्या, ज्यांच्या नावाने ओळखली जातात ते सर ॲस्टली कूपर (१७६८–१८४१) हे नॉर्फकमधील ब्रुक गावी जन्मलेले शल्यविशारद. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात ते शिकवत आणि तेथे त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांत पुढे कवी म्हणून गाजलेला जॉन कीट्सही होता. भुलीचे औषध नसलेल्या काळात, १८१७ मध्ये, त्यांनी एका रुग्णाची पोटातील महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) बांधण्याचे धाडस केले होते. रुग्ण वाचला नाही, पण ही शस्त्रक्रिया वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली. राजा चौथ्या जॉर्जच्या डोक्यावरील गाठ काढल्यानंतर त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली.

कूपर पेअर म्हणजे अतिशीत तापमानाला धातूत जोडीने वागणारे इलेक्ट्रॉन. ही कल्पना लिऑन कूपर (१९३०–२०२४) या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली आणि अतिवाहकतेच्या, म्हणजे धातूतून वीज विनाविरोध वाहण्याच्या, सिद्धान्ताबद्दल जॉन बार्डीन व रॉबर्ट श्रिफर यांच्यासह त्याला १९७२ चे नोबेल मिळाले. त्याच्या कुटुंबाचे मूळ आडनाव कुपचिक होते. म्हणजे शास्त्रातल्या सर्वांत प्रसिद्ध कूपराचे आडनाव इंग्लंडमधील पिंपवाल्यांकडून आलेले नाही!

बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर धावता येते यावर तंदुरुस्ती मोजणारी चाचणी डॉ. केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलात असताना तयार केली आणि १९६८ मध्ये ती सर्वांपुढे आणली. 'एरोबिक्स' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तोही त्यांच्यामुळेच. याच ओघात मार्टिन कूपर यांचेही नाव घ्यायला हवे: ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइल फोनवर पहिला कॉल त्यांनी केला, तोही प्रतिस्पर्धी कंपनीतल्या अभियंत्याला.

११. अमेरिकेत हे आडनाव कोणी प्रसिद्ध केले?

दोन माणसांची नावे आधी घ्यावी लागतात. कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) याचे वडील विल्यम कूपर यांनी न्यूयॉर्क राज्यात कूपरस्टाउन हे गाव वसवले. बेसबॉलचे प्रसिद्ध संग्रहालय आज तेथेच आहे. 'फेनिमोर' हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव, ते त्याने प्रौढपणी स्वतःच्या नावात जोडून घेतले. दुसरा पीटर कूपर (१७९१–१८८३). जेमतेम शाळा शिकलेल्या या कारखानदाराने १८३० मध्ये 'टॉम थम' हे छोटे वाफेचे इंजिन रुळांवर धावून दाखवले, पैसा कमावला आणि १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन ही विनामूल्य शिक्षण देणारी संस्था काढली. तिच्याच सभागृहात २७ फेब्रुवारी १८६० रोजी अब्राहम लिंकनने केलेल्या भाषणाने त्याला अध्यक्षपदाच्या शर्यतीत आणले.

१२. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांत कूपर आडनाव कसे आले?

गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी आडनावे अनेक वाटांनी घेतली: कोणी जुन्या मालकाचे, कोणी परिसरातील ओळखीचे, कोणी स्वतःच्या पसंतीचे. मळ्यांवर पिंपे बनवणारे कुशल गुलाम कारागीरही असत, पण आडनावावरून तसा पूर्वज होता हे सिद्ध होत नाही. या समाजातील सर्वांत आदरणीय कूपर म्हणजे ॲना जूलिया कूपर. गुलामगिरीत जन्मलेल्या या शिक्षिकेने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या प्रश्नांवर १८९२ मध्ये ग्रंथ लिहिला आणि पासष्टी उलटल्यावर, १९२५ मध्ये, पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिला कूपर हे आडनाव लग्नानंतर मिळाले होते. आडनावाच्या उगमाची चर्चा करताना स्त्रियांची ही बाजू हमखास विसरली जाते.

१३. खेळांत कोणकोणते कूपर गाजले? 'मिनी कूपर' मोटारीचा त्यांच्याशी संबंध आहे का?

पहिले नाव शार्लट कूपरचे घेतले पाहिजे. या इंग्रज टेनिसपटूने विम्बल्डनचे एकेरी विजेतेपद १८९५ ते १९०८ या काळात पाच वेळा जिंकले आणि १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरी जिंकून ती वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिली महिला ऑलिंपिक विजेती ठरली. त्याआधीच तिची श्रवणशक्ती गेलेली होती. १९०८ चे विजेतेपद मिळवले तेव्हा ती ३७ वर्षांची आणि दोन मुलांची आई होती. १९५८ चा विम्बल्डन विजेता ॲश्ली कूपर हा ऑस्ट्रेलियन होता. त्याच्या नावातले 'ॲश्ली' पाहून त्याला प्रश्न ९ मधील घराण्याशी जोडू नये.

मुष्टियोद्धा हेन्री कूपर याने १८ जून १९६३ रोजी वेम्बली येथे डाव्या हाताच्या ठोशाने कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, याला खाली पाडले होते. फेरी संपल्याच्या घंटेने क्लेला सावरायला वेळ मिळाला आणि पुढच्या फेरीत हेन्रीच्या डोळ्याजवळची जखम वाहू लागल्याने लढत थांबवावी लागली. इंग्रज माणूस आजही त्या घंटेबद्दल हळहळतो.

मिनी कूपरचा संबंध जॉन कूपर (१९२३–२०००) यांच्याशी आहे. वडील चार्ल्स यांच्यासह ते सर्बिटन येथे शर्यतीच्या गाड्या बनवत. इंजिन चालकाच्या मागे बसवलेल्या त्यांच्या गाडीने जॅक ब्रॅबहॅमला १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवून दिले आणि मग चालकाच्या पुढच्या बाजूला इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून लवकरच हद्दपार झाल्या. याच जॉन कूपरनी साध्या मिनीला दमदार केले. १९६१ मध्ये आलेल्या त्या गाडीला त्यांचे नाव मिळाले आणि तिने १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली.

१४. चित्रपट आणि संगीतातील कूपर हे सगळे खरे कूपर आहेत का?

सगळे नाहीत. दोनदा सर्वोत्तम अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारा गॅरी कूपर (१९०१–१९६१) आडनावाने खरा कूपर होता आणि त्याचे वडील इंग्लंडमधील बेडफर्डशरमधून अमेरिकेला गेले होते. 'गॅरी' हे मात्र घेतलेले नाव, मूळ नाव फ्रँक. टॉमी कूपर हा मुद्दाम फसणाऱ्या जादूंनी हसवणारा विनोदवीरही जन्माने कूपरच. १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना तो रंगमंचावरच कोसळला आणि गेला, तेव्हा प्रेक्षकांना तोही विनोदच वाटला होता. याउलट रॉक गायक ॲलिस कूपर याचे जन्मनाव व्हिन्सेंट फर्निअर. 'ॲलिस कूपर' हे आधी वाद्यवृंदाचे नाव होते आणि नंतर त्याने ते कायदेशीररीत्या स्वतःचे केले. भारतीय मूकपटांची पेशन्स कूपर ही कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन समाजातील होती.

१५. मुंबई आणि साताऱ्याकडचे कूपर तर पारशी आहेत. ते मूळचे इंग्रज का?

नाहीत. इंग्रजी राजवटीत मुंबईच्या पारशी समाजात व्यवसायावरून आडनाव घेण्याची पद्धत फार फोफावली. गुजराती 'वाला' जोडून बाटलीवाला, दारूवाला अशी नावे झाली आणि इंग्रजी शब्द थेट घेऊन इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट अशीही नावे झाली. कूपर हे दुसऱ्या प्रकारात बसते. जहाजांना पाणी, मद्य, खारवलेले मांस सारे पिंपांतून पुरवले जाई, त्यामुळे बंदराच्या शहराला या व्यवसायाची चांगलीच ओळख होती. इंग्लंडमधील कूपर आणि पारशी कूपर यांच्यात रक्ताचे नाते मुळीच नाही, केवळ शब्द समान आहे.

महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात या आडनावाला मानाचे स्थान आहे. १९३५ च्या कायद्यान्वये झालेल्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात काँग्रेसने आरंभी मंत्रिमंडळ बनवण्यास नकार दिला. तेव्हा १ एप्रिल १९३७ रोजी साताऱ्याचे सर धनजीशहा कूपर यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम मंत्रिमंडळ आले आणि जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांनी सूत्रे घेईपर्यंत ते चालले. म्हणजे मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, त्या काळी मुख्यमंत्र्याला हाच शब्द होता, कूपर आडनावाचे होते. साताऱ्यातील लोकांना हे नाव अर्थात लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनांमुळे अधिक परिचयाचे आहे. विलेपार्ल्याजवळचे महापालिकेचे कूपर रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे, ते डॉ. रुस्तम नरसी कूपर.

१६. मुंबईतले कूपरेज मैदानही याच कुटुंबाच्या नावाचे आहे का?

नाही. कूपरेज म्हणजे पिंपे बनवण्याची जागा. कंपनी सरकारच्या काळात जहाजांना लागणाऱ्या पिंपांचे काम तेथे चाले, त्यावरून परिसराला आणि पुढे फुटबॉलच्या मैदानाला ते नाव मिळाले. कोण्या कूपर साहेबाशी किंवा प्रश्न १५ मधील पारशी घराण्यांशी त्याचा संबंध नाही. आडनाव ज्या कामावरून आले, ते काम भारतात जागेच्या नावात टिकून राहिल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

१७. नकाशावर दिसणारी 'कूपर' असलेली इतर ठिकाणे कोणाच्या नावाची?

अमेरिकेतील चार्ल्स्टन शहर ॲश्ली आणि कूपर या दोन नद्यांच्या संगमावर आहे. दोन्ही नावे एकाच माणसाची, म्हणजे कॅरोलायना वसाहतीचा एक मालक असलेल्या पहिल्या शाफ्ट्सबरीची (प्रश्न ९). ऑस्ट्रेलियातील कूपर क्रीक या प्रवाहाला चार्ल्स स्टर्टने १८४५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातील न्यायाधीश चार्ल्स कूपर यांचे नाव दिले. ओपल रत्नांच्या खाणींचे कूबर पेडी हे गाव मात्र या यादीत घेऊ नये. ते नाव आदिवासी भाषेतून आलेले आहे आणि त्याचा कूपरशी फक्त ध्वनीपुरता संबंध आहे.

१८. विमानातून उडी मारून नाहीसा झालेला डी. बी. कूपर कोण होता?

ते आजवर उलगडलेले नाही, आणि तो कूपर नसण्याचीच शक्यता जास्त. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी एका प्रवाशाने 'डॅन कूपर' या नावाने पोर्टलंड ते सिॲटल प्रवासाचे तिकीट काढले, विमानाचे अपहरण करून २ लाख डॉलर आणि हवाई छत्र्या मिळवल्या आणि रात्री उडत्या विमानातून उडी घेतली. 'डी. बी.' ही आद्याक्षरे वृत्तांकनातील गोंधळातून चिकटली. १९८० मध्ये कोलंबिया नदीकाठी त्यातले ५,८०० डॉलर एका मुलाला सापडले. योगायोग असा की आपल्या धनजीशहा बोमनजी कूपरांची आद्याक्षरेही डी. बी. हीच आहेत, आणि आंतरजालावर त्यांच्याविषयी शोधणाऱ्याच्या वाट्याला आधी हा अपहरणकर्ताच येतो.

१९. आमच्या कुटुंबात एक कूपर पूर्वज होता. त्याचा शोध कसा घ्यावा?

आधी तो कोणत्या प्रवाहातला हे ठरवावे: इंग्रज, अँग्लो-इंडियन, पारशी की नाव बदललेला. इंग्लंडमधील चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदी १५३८ पासून सुरू होतात, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ पासून, आणि १८४१ पासूनच्या जनगणनांत माणसांची नावे मिळतात. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १८५५ मध्ये सुरू झाली. पूर्वज भुसावळ, इगतपुरी, पुणे अशा रेल्वेच्या किंवा छावणीच्या गावी राहिलेला असेल, तर मुंबई इलाख्यातील चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात 'एन/३' या मालिकेत पाहाव्यात. शोधताना प्रश्न ६ मधील तिन्ही स्पेलिंगे वापरावीत. आडनाव इतके सर्रास आढळणारे असल्यामुळे नुसत्या नावावर जुळणी मानू नये. वडिलांचे नाव, गाव आणि व्यवसाय यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय ती नोंद आपल्या पूर्वजाची धरू नये.